समुद्राने टाकलेले

श्रीमंत माणसाला प्रवासाला निघण्यापूर्वी फक्त तारीख ठरवावी लागते. शाळामास्तराला आधी इतिहास वाचावा लागतो. हे विधान कोणाला चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. पैसे थोडे आणि दिवस त्याहून थोडे असले, म्हणजे काय पाहायचे यापेक्षा काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते. एखादा किनारा स्वस्त का, दुसरा महाग का, अमुक महिन्यातच लाटा चांगल्या का, आणि वर्षातल्या एका दिवशी विमानतळालाच कुलूप का, ह्या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीच्या रंगीत कागदावर नसतात. ती जुन्या हकीकतींत असतात. निदान बाली बेटाच्या बाबतीत तरी तसे आहे, आणि आज मला त्याच बेटाविषयी लिहायचे आहे.

बालीच्या सहलीचा विषय आमच्या घरात निघाला तो चिरंजीवांमुळे. ते कॉलेजात आहेत, आणि फळीवर उभे राहून लाटेबरोबर धावायचे, ज्याला सर्फिंग म्हणतात, ते शिकण्याचा त्यांनी ध्यास घेतला आहे. त्यांना दुजोरा मिळाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. बहुसंख्य मुसलमान असलेल्या इंडोनेशियात हे एक बेट हिंदू राहिले आहे आणि तिथे घरोघर देवळे आहेत, असे सौभाग्यवतींच्या कानावर आले होते. मला स्वतःला सुट्टीत घरी बसून कादंबरीचे रखडलेले प्रकरण पुरे करायचे होते. पण दोन मतांविरुद्ध एक मत म्हणजे आमच्या घरी ठराव मंजूरच. अंदाजपत्रक करण्याचे काम तेवढे माझ्याकडे आले. मे महिन्याची सुट्टी, माणसे तीन, रात्री पाच, आणि रक्कम सांगण्यासारखी नाही, म्हणून सांगत नाही.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, समुद्राकाठी. हा बेत ऐकून आमच्या आत्याने विचारले, "झिला, दर्या बघूक इतक्या लांब कित्याक जातंस? आपल्या दाराकडे काय तळा आसा?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधताच मी ह्या बेटाच्या इतिहासात शिरलो.

बाली बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर, जावा बेटाच्या पूर्वेस आहे. क्षेत्रफळ साधारण 5,600 चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेसे मोठे. वस्ती मात्र 2020 च्या शिरगणतीत 43 लाख भरली, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पाचपट. बेटाच्या दक्षिण टोकाला चुनखडीच्या दगडाचे एक पठार समुद्रात घुसलेले आहे. त्याला बुकित, म्हणजे टेकडी, असे म्हणतात. चिरंजीवांच्या साऱ्या लाटा ह्या बुकितच्या आसपास फुटतात.

आता आत्याच्या प्रश्नाचे उत्तर. लाट जिथे फुटते तिथली ती नसते. दक्षिण ध्रुवाकडच्या महासागरात मोठमोठी वादळे होतात. त्यांनी उठवलेले पाणी हजारो किलोमीटर चालत उत्तरेकडे येते, आणि वाटेत जमिनीचा अडसर नसल्यामुळे त्याला आपोआप शिस्त लागते. तोकड्या, उथळ लाटा मागे पडतात, आणि लांब, दमदार लाटा रांग धरून पुढे येतात. काही दिवसांच्या ह्या चालीनंतर त्या बालीच्या दगडी उथळावर येऊन उभ्या राहतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडत जातात. आमच्या दारचा समुद्र पावसाळ्यात खवळतो खरा, पण त्या लाटा म्हणजे मधल्या सुट्टीतली पोरे, वाटेल तशा धावणारी. बालीच्या लाटा प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या. त्यात एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे वारा आग्नेयेकडून वाहतो. पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि येणाऱ्या लाटेचे तोंड गुळगुळीत करतो. नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो, वारा फिरतो, आणि पश्चिमेऐवजी पूर्व किनारा बरा होतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी कामाची नाही आणि मे महिना अगदी योग्य. वहीतली पहिली ओळ अशी भूगोलाने लिहून दिली.

दुसरी ओळ मुक्कामाची. तिथे मात्र भूगोल संपून इतिहास सुरू झाला.

लाटेवर उभे राहण्याची विद्या बालीची नव्हे. ती पॅसिफिक महासागरातल्या बेटांची, आणि सगळ्यांत जास्त हवाईची. कॅप्टन कुकची जहाजे 1778 च्या सुमारास हवाईला पोचली तेव्हा तिथले राजे आणि प्रजा, बायका आणि पुरुष, लाकडी फळ्यांवरून लाटांशी खेळत होते. 1820 मध्ये मिशनरी आले. गोऱ्या माणसांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची वस्ती भराभर घटली, आणि खेळही मागे पडला. 1898 मध्ये अमेरिकेने ती बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकिकीच्या किनाऱ्यावर ह्या खेळाने पुन्हा जीव धरला. तिथला जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने 1912 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले, आणि दोन वर्षांनी सिडनीजवळच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून ऑस्ट्रेलियन लोकांना थक्क केले. पुढे बालीला लोटलेली गर्दी बव्हंशी त्याच ऑस्ट्रेलियातून आली.

बालीला पहिली फळी आली ती मात्र हॉलीवूडच्या वाटेने. बॉब कोक हा तिथल्या चित्रपटधंद्यातला माणूस हवाईला लाटांवर स्वार होणे शिकला होता. 1936 साली तो आणि लुईझ, जी पुढे त्याची पत्नी झाली, बालीत आले आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या कुटा नावाच्या गावी त्यांनी गवताने शाकारलेल्या झोपड्यांचे एक हॉटेल घातले. पाहुण्यांना तिथे लाटांवर खेळायला मिळे. डच अधिकाऱ्यांनी नाके मुरडली. साहेबाने एतद्देशीयांसारखे झोपडीत राहायचे, हे त्यांना मानवण्यासारखे नव्हते. पण झोपड्या भरू लागल्या.

इथे मला एक प्रश्न पडला. बालीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ह्या लाटा पाहत आलेली. मग त्यांना फळी टाकण्याची बुद्धी का झाली नाही? आणि असा सुरेख किनारा कोणा परक्या जोडप्याला हॉटेल घालण्यासाठी मोकळा कसा सापडला?

उत्तर बालीच्या दिशांत आहे. आपण पूर्व-पश्चिम म्हणतो. बालीच्या माणसाला त्याहून महत्त्वाच्या दोन दिशा माहीत आहेत, काजा आणि केलोद. काजा म्हणजे डोंगराकडची. तिकडे गुनुंग आगुंग हा ज्वालामुखी पर्वत, तिकडे देव, तिकडे पाण्याचे उगम. घरातले देवघर त्या बाजूला, झोपताना डोके त्या बाजूला. केलोद म्हणजे समुद्राकडची. डुकरांचा गोठा तिकडे, मसणवट तिकडे, भुतेखेते तिकडे. समुद्र अपवित्र नव्हे. देवांच्या मूर्ती वाजतगाजत तिथेच नेऊन शुद्ध करतात आणि मृतांची राखही तिथेच सोडतात. पण ज्या पाण्यात राख सोडायची त्यात खेळायला कोण जाईल? आपण तरी नदीच्या कोणत्या घाटावर पोहायला जातो आणि कोणत्या घाटावर जात नाही, ते आठवून पाहावे.

तेव्हा कुटाची वाळू म्हणजे बेटाचे शेवटचे टोक. भाताला निरुपयोगी, नारळ बरे येतात इतकेच. वाटणीत असली जमीन नावडत्या मुलाच्या वाट्याला जाई, असे सांगतात. गरीब कोळी, मीठ पिकवणारे, घरादाराला मुकलेले, आणि परके, असे लोक तिथे राहत. सतराव्या-अठराव्या शतकांत बालीचे राजे गुलाम विकत. कर्जात बुडालेली, लढाईत पकडलेली, आधार नसलेली माणसे गलबतांत भरून डचांच्या बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जात. ती विक्री कुटासारख्या बंदरांतूनच चाले. पुढे 1839 मध्ये मॅड्स लांगे नावाच्या डेन्मार्कच्या व्यापाऱ्याने कुटाला वखार घातली. तांदूळ, खोबरेल, गुरे बाहेर पाठवायची आणि चीनची भोकवाली तांब्याची नाणी आत आणायची, हा त्याचा धंदा. 1849 मध्ये डच आणि बालीचे राजे यांच्यात तह घडवून आणण्यात ह्या लांगेचाच हात होता. 1856 मध्ये तो वारला, आणि त्याची कबर कुटाला आहे. सारांश, समुद्राने जे जे टाकले ते ते कुटाने उचलले, आणि बेटाने जे टाकले तेही कुटालाच येऊन पडले.

समुद्राने टाकलेले. बालीच्या इतिहासातली एक मोठी दुर्घटना ह्याच दोन शब्दांवरून घडली, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे. त्यासाठी कुटाहून बेटाच्या दुसऱ्या, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, सनूर गावी जाऊ. अंतर फार तर पंधरा किलोमीटर.

सनूरला ब्लांजोंग येथील देवळात दगडाचा एक स्तंभ आहे. त्यावर श्रीकेसरी वर्मदेव ह्या राजाच्या विजयाचा लेख आहे. भाषा दोन, संस्कृत आणि जुनी बाली. लिप्याही दोन, एक नागरीच्या घराण्यातली आणि एक तिकडची. साल आहे शके 835, म्हणजे इसवी सन 914. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचे राज्य होते. शके हा शब्द वाचून मी पुस्तक मिटले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले. आपल्या पंचांगावर असतो तोच हा शक. बालीचे लोक तो आजही चालवतात. अधिकमासाच्या हिशेबातल्या फरकाने कधी कधी महिन्याचे अंतर पडते, पण कित्येकदा गुढीपाडवा आणि त्यांचा वर्षारंभ मागेपुढे किंवा एकाच दिवशी येतात. 2026 चे उदाहरण घ्या. 19 मार्च हा दोन्हीकडे शके 1948 चा पहिला दिवस. मात्र आपण त्या दिवशी गुढी उभारतो आणि श्रीखंड खातो, तर बालीत त्या दिवशी चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही. ह्या दिवसाला न्येपी म्हणतात. चोवीस तास सारे बेट गप्प असते. विमानतळाच्या कुलपाचे रहस्य ते हेच. पाच रात्रींच्या पाहुण्याने तारीख न पाहता तिकीट काढले तर त्याची एक रात्र अंधारात खोलीत बसून जायची. अर्थात तसे बसण्यातही काही शिकण्यासारखे असेलच.

तर ह्या सनूरच्या किनाऱ्याला पोवळ्याच्या खडकांचे कुंपण आहे. वाट चुकलेली गलबते त्यावर आपटत. बालीत पूर्वापार असा रिवाज की फुटलेले गलबत आणि त्यावरचा माल, किनारा ज्याचा त्याचा. त्याला तावान कारांग म्हणत. खडकाने धरले ते राजाचे, असा त्याचा भाव. डचांच्या दृष्टीने ही चाचेगिरी होती. 1841 पासून दोन-तीन वर्षांत त्यांनी राजांकडून हा हक्क सोडल्याचे करारनामे लिहून घेतले.

हा रिवाज वाचून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. 1674 साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्याने आणलेल्या मागण्यांत एक कलम फुटलेल्या जहाजांचे होते. इंग्रजांचे जहाज किनाऱ्याला लागून फुटले तर त्यावरचा माल त्यांना परत मिळावा, अशी ती मागणी. त्यावर महाराजांकडून हरकत आली की वादळाने किनाऱ्याला लागलेला माल परत देणे कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि एकट्या इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच सगळेच ती मागतील. म्हणजे समुद्राने टाकलेल्या वस्तूवर किनाऱ्याचा हक्क, ही गोष्ट आमच्या किनाऱ्यालाही ठाऊक होती. किनाऱ्यावर राहणारा माणूस समुद्राचे तडाखे खातो. मग समुद्राने दिलेले त्याने का घेऊ नये, असा तो सरळ हिशेब.

27 मे 1904 रोजी श्री कुमाला नावाचे गलबत सनूरच्या खडकांवर फुटले. मालक चिनी व्यापारी, निशाण डचांचे. माल लुटला गेला, अशी त्याने तक्रार केली आणि काही हजार गिल्डरांची भरपाई मागितली. डच सरकारने ती बादुंगच्या राजाकडे मागितली. राजाने सांगितले की माझ्या माणसांनी लूट केलेली नाही, मी पैसे देणार नाही. रक्कम अशी मोठी नव्हती. पण डचांना रक्कम नको होती, निमित्त हवे होते. किनाऱ्याची नाकेबंदी झाली, आणि सप्टेंबर 1906 मध्ये डच फौज ह्याच सनूरच्या वाळूत उतरली.

20 सप्टेंबर 1906 रोजी फौज देनपासारच्या राजवाड्यापाशी आली. वाड्याला आग लागलेली होती. तेवढ्यात दरवाजातून एक मिरवणूक बाहेर पडली. पुढे पालखीत राजा, मागे त्याचे कुटुंब, पुरोहित, चाकर, बायका, मुले. सगळ्यांच्या अंगावर चितेवर जाताना घालायची पांढरी वस्त्रे, अंगावर ठेवणीतले दागिने, हातात क्रिस नावाच्या नागमोडी कट्यारी. सैनिकांपासून थोड्या अंतरावर राजा पालखीतून उतरला. मग ती माणसे बंदुकांवर चालून गेली आणि एकमेकांचे प्राणही घेऊ लागली. बायकांनी अंगावरचे दागिने आणि नाणी सैनिकांवर फेकली. गोळ्या चालतच राहिल्या. मेलेल्यांचा आकडा कोणी चारशे सांगतात, कोणी हजाराच्या वर. त्याच दिवशी शेजारच्या पेमेचुतानच्या वाड्यातही हेच झाले. एप्रिल 1908 मध्ये क्लुंगकुंगच्या राजाने हीच वाट धरली, आणि सारे बेट डचांच्या हाती आले. बालीच्या भाषेत ह्याला पुपुतान म्हणतात. पुपुतान म्हणजे शेवट. आपल्याला राजपुतांचा जोहार आणि केसरिया आठवतो. इथे ती दोन्ही एकाच वाटेने बाहेर पडली.

आता पुढची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ह्या हत्याकांडाचा युरोपात बोभाटा झाला. डचांची मान खाली गेली. मग त्यांनी ठरवले की बालीची संस्कृती जपायची, ती जशीच्या तशी ठेवायची, आणि जगाला दाखवायची. ज्यांचे राजवाडे जाळले त्यांचे नाच आता पाहुण्यांसमोर होऊ लागले. के.पी.एम. ह्या डच आगबोट कंपनीच्या बोटी बालीची डुकरे बाहेर नेत. त्याच बोटी प्रवासी घेऊन येऊ लागल्या. 1928 मध्ये कंपनीने देनपासारला बाली हॉटेल उघडले, आणि ते पुपुतान जिथे झाले त्याच परिसरात. चित्रकार आले, छायाचित्रकार आले. 1927 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर येऊन गेले. त्यांना तिथे भारताची जुनी खूण शोधायची होती. बाकीच्यांना स्वर्ग हवा होता, आणि तो आगबोटीच्या तिकिटावर मिळत होता. पुपुतानाला अजून पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

ह्या स्वर्गाचे दिवसही थोडेच ठरले. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी फौज उतरली, ती सनूरलाच. कोक दांपत्याच्या झोपड्या त्या धामधुमीत नाहीशा झाल्या. 1946 मध्ये डच पुन्हा आले, तेही सनूरच्याच वाळूतून. त्यांच्याशी लढता लढता 20 नोव्हेंबर 1946 रोजी इ गुस्ती ङुराह राय हा तरुण सेनानी मार्गा गावी आपल्या पंचाण्णव साथीदारांसह मारला गेला. त्या लढाईलाही बालीचे लोक पुपुतानच म्हणतात. आज ज्या विमानतळावर आपले विमान उतरते त्याला त्याचेच नाव आहे. तिकिटावर ते नाव छापलेले असते, आणि आपण ते स्टेशनच्या नावासारखे वाचून पुढे जातो.

स्वातंत्र्यानंतरही दुःख संपले नाही. 1965 च्या अखेरीस इंडोनेशियात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कत्तली झाल्या. एकट्या बालीत ऐंशी हजारांच्या आसपास माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वीस माणसांत एक. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1966 मध्ये, जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशातून सनूरला दहा मजली हॉटेल उभे राहिले. ते पाहून लोक हादरले आणि पुढे नियम झाला की कोणतीही इमारत माडाहून उंच बांधायची नाही.

कुटाचे भाग्य उजाडले ते मात्र मजल्यांनी नव्हे. 1969 मध्ये विमानतळ मोठ्या विमानांना खुला झाला. सरकारचा आणि जागतिक बँकेचा विचार असा की श्रीमंत पाहुणे नुसा दुआ ह्या वेगळ्या काढलेल्या जागी ठेवावेत. पण खांद्यावर पिशवी आणि काखेत फळी घेतलेली ऑस्ट्रेलियन पोरे कुटाला येऊन थडकली. त्यांच्यासाठी तिथल्या कुटुंबांनी आपल्या अंगणातल्या खोल्या दिल्या. खाट, केळी, चहा, आणि पैसे थोडे. ह्या खोल्यांना लोसमेन म्हणत. 1971 मध्ये अल्बर्ट फाल्झन ह्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने बुकितच्या उलुवातू कड्याखालच्या लाटा आपल्या चित्रपटात टिपल्या, आणि जगाला पत्ता लागला. कड्यावर अकराव्या शतकापासूनचे देऊळ आणि खाली ही लाट. नावडत्या मुलाला मिळालेली वाळू बघता बघता बेटातली सगळ्यांत महाग जमीन झाली. इतिहासाला विनोदाचे अंग नाही असे कोण म्हणेल?

ज्या कुटाला समुद्राने इतके काही आणून टाकले त्यालाच पुढे घावही सोसावे लागले. 12 ऑक्टोबर 2002 च्या रात्री तिथे झालेल्या बाँबस्फोटांत 202 माणसे मेली. त्यांत 88 ऑस्ट्रेलियन होते आणि 38 इंडोनेशियन. 2019 मध्ये बेटावर साठ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले होते. महामारीच्या 2021 ह्या वर्षात सरकारी नोंदीप्रमाणे शंभरही आले नाहीत. हॉटेलातली पोरे गावी परतून भातशेतीला आणि समुद्रशेवाळाला लागली. पुन्हा दारे उघडली तेव्हा, 2023 मध्ये, ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल सगळ्यांत जास्त पाहुणे आपलेच, भारतीय, होते.

म्हणजे आता समुद्राने, किंवा आकाशाने म्हणा, त्या किनाऱ्यावर टाकलेली वस्तू आपण आहोत.

हा विचार मनात आला आणि माझ्या अंदाजपत्रकाचे रूप बदलले. स्वस्त प्रवास करणे हा गुन्हा नव्हे. मास्तराने तो केलाच पाहिजे, नाही तर तो गावातच मरेल. पण दुसऱ्याचे गाव आपल्याला स्वस्त पडते, तेव्हा ती स्वस्ताई कोणीतरी आधी कधीतरी भरलेली असते, एवढे हिशेबात धरावे. बालीची भातशेती सुबाक नावाच्या पाणीवाटपाच्या संस्थांवर चालते. त्या देवळांशी बांधलेल्या असतात, आणि 2012 मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्याच बेटावर हॉटेलांच्या तलावांना पाणी लागते आणि शेताच्या शेते बांधकामाखाली जातात. म्हणून मी असे ठरवले आहे की तलाव असलेल्या जागी राहायचे नाही. कुटुंबाने चालवलेली, अंगणात देऊळ असलेली खोली घ्यायची. ती स्वस्तही पडते, आणि देवळांचा प्रश्न सकाळी दार उघडताच सुटतो. रोज पहाटे घरातली बाई पानाच्या द्रोणात फुले, भाताची शिते आणि उदबत्ती घालून उंबऱ्यावर ठेवते. असे द्रोण देवांसाठी वर आणि भुतांसाठी खाली जमिनीवर, दोघांनाही. जेवण वारुंग नावाच्या लहान खाणावळीत. भाव करायचा, पण हसण्यावारी नेता येईल इतकाच.

दिवसांची वाटणी अशी. दोन सकाळी कुटाला, कारण तिथला तळ वाळूचा आहे आणि नवशिक्याने पडावे तर वाळूवर पडावे. उलुवातूचा तळ खडकाचा. तिथे चिरंजीवांनी कड्यावरून पाहायचे, आणि आम्ही देऊळ पाहायचे. एक दिवस सनूर, ब्लांजोंगचा स्तंभ आणि ती वाळू जिच्यावर एवढ्या फौजा उतरल्या. एक दिवस देनपासारला पुपुतानाचे मैदान आणि त्याच्या कडेचे 1932 चे संग्रहालय. आणि सवड सापडली तर क्लुंगकुंग. राजवाडा गेला, पण न्यायसभेचा मंडप राहिला आहे, आणि त्याच्या छतावर पाप्यांना यमलोकी मिळणाऱ्या शिक्षा रंगवल्या आहेत. सौभाग्यवतींना त्या आवडतील, असे मला वाटते. उलुवातू आणि क्लुंगकुंग सोडली तर सगळी ठिकाणे देनपासारच्या वीस किलोमीटरांत येतात, तेव्हा प्रवासखर्च मामुली.

उरला प्रश्न करांचा. उतरल्यावर व्हिसाचे पाच लाख रुपिया. आकड्याने घाबरू नये. रुपिया हा शब्द आपल्या रुपयाचाच भाऊ आहे, पण परिस्थितीने फार खालावलेला. शिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून बालीच्या प्रांतिक सरकारने प्रत्येक परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपियांची, म्हणजे आठशे रुपयांच्या आसपास, वेगळी पट्टी बसवली आहे. बेटाची संस्कृती आणि निसर्ग राखण्यासाठी ती आहे, असे सरकार सांगते. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, ही कशाबद्दल द्यायची? आपण तर तिथे काहीच बिघडवणार नाही."

मी त्यांना श्री कुमालाची गोष्ट सांगितली. खडकाने धरले ते किनाऱ्याचे, हा बेटाचा जुना हक्क. तो मोडून काढण्यासाठी एकदा तोफा आणाव्या लागल्या. आता तो पावती फाडून, नम्रपणे मागितला जातो आहे. वहीत मी तीन माणसांची ही पट्टी तिकिटाच्याही वर, पहिल्या ओळीत लिहिली आहे.